अष्टमीचं उधाण

पनवेल,
ता. ३ फेब्रुवारी १९५५

साडूभाऊ महादेव मास्तरांना तुळशीरामचा पनवेलहून नमस्कार.

पत्र शाळेच्या पत्त्यावर टाकलं आहे आणि पाकिटाला खळ दोनदा लावली आहे, त्यावरून प्रकरण काय असेल ते ओळखा. मूळ गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर चार पानं हवापाण्यावर जातील आणि ती राहून जाईल. मला परमा झाला आहे.

संक्रांतीनंतर आपण मुंबईला गेलो होतो, तुम्ही शाळेचे नकाशे आणायला आणि मी मिठागरासाठी फावडी आणायला. त्या संध्याकाळी आपण ज्या गल्लीत शिरलो तिचा हा प्रसाद. मी जिना चढलो. तुम्ही खाली इराण्याकडे चहा पीत होतात, असं तुम्ही नंतर सांगितलंत. मी उतरलो तेव्हा इराणी दुकानाच्या फळ्या लावत होता आणि तुम्ही त्यानंतर पाव तासानं आलात. चहा फार गरम असेल.

आठ दिवस मी शहाळ्याचं पाणी पिऊन काढले. लघवीला बसलो की आईची आठवण यायची. शेवटी बाजारातल्या डॉक्टर झकेरियांकडे गेलो. हे वीस वर्षं बोटीवर डॉक्टर होते, त्यामुळे पेशंट कुणीही असो, त्याच्याशी खलाशासारखंच बोलतात. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "तुळशीराम, बोटीवर रोग आला की आमी पिवळं निशाण लावायचो. मग ती बोट बंदराला लागायची नाय. तू पण एकवीस रोज बंदराला लागायचं नाय. समजला काय?" मी समजलो म्हणालो. रोज एक याप्रमाणे पेनिसिलीनची पाच इंजेक्शनं द्यायची आहेत. ती कुठे देतात ते विचारू नका. हे पत्र मी उभ्यानं लिहितो आहे.

इथवर ठीक होतं. मग ते म्हणाले, "बीवीला घेऊन ये. तिला पण इंजेक्शन. तिला आज काय वाटत नसेल, पण हा रोग बाईच्या आत घर करतो. मग पोर व्हायचं मुश्कील." मी म्हणालो, ती माहेरी गेली आहे. भामा त्या वेळी दवाखान्यासमोर सुकटीचा भाव करत होती आणि तिचा आवाज आत येत होता.

मास्तर, लग्नाला चार वर्षं झाली. पोर व्हावं म्हणून भामानं किती उपास केले ते तुम्हाला मालूताईंकडून कळलंच असेल. आणि मी मुंबईहून तिच्यासाठी हे घेऊन आलो. तिला सांगायलाच हवं, हे मला कळतं, पण जीभ उचलत नाही. ती रागावेल याची मला भीती नाही, रडेल याची आहे. तसं रागावेल याचीही आहेच, कारण कोयता तिच्या हातात शोभून दिसतो.

सात तारखेला पौर्णिमा आहे. पौर्णिमेच्या उधाणाला बांध फुटू नये म्हणून मी तसाही चार-पाच दिवस मिठागरावरच राहतो. तेवढे दिवस निभतील. त्यापुढे काय सांगू, ते कळवा. तुम्ही शिकलेले आहात.

आपला,
तुळशीराम


कर्जत,
ता. ६ फेब्रुवारी १९५५

प्रिय तुळशीराम यांस,

आपले पत्र पोचले. वाचून अंतःकरण विदीर्ण झाले व नंतर ते पत्र मी बंबात घातले. पत्रे यापुढेही शाळेच्याच पत्त्यावर पाठवावीत. मालूला अक्षरओळख मीच करून दिली, त्याचा मला आता पश्चात्ताप होतो. कार्डावर तर चुकूनही लिहू नये.

प्रथम एक वस्तुस्थिती स्पष्ट करतो. आपण पत्रात "आपण शिरलो" असे लिहिले आहे. शिरलात आपण. मी खाली चहा पीत होतो. दोन कप चहा व एक ब्रून मस्का. इराण्याने फळ्या लावल्यावर मी बाहेर उभा राहून त्याच्याशी देशाच्या पंचवार्षिक योजनेविषयी बोलत होतो. हे कायमचे ध्यानात असू द्यावे.

आता उपदेश. ब्रह्मचर्य हे मनोनिग्रहाचे काम आहे. पहाटे थंड पाण्याने स्नान करावे. मन विचलित झाल्यास एकोणतीसचा पाढा म्हणावा. मी स्वतः तो म्हणतो व त्याने मन गोठल्यासारखे होते. डॉक्टरांच्या आज्ञेचे अक्षरशः पालन करावे, कारण अर्धवट उपचार म्हणजे अर्धवट पुसलेला फळा.

सौ. भामास मात्र काही सांगू नये. स्त्रियांचे मन कोमल असते, आणि शिवाय त्या एकमेकींना सांगतात. भामाने मालूस सांगितल्यास मालू मला नको ते प्रश्न विचारील, व माझा चहा विनाकारण संशयात येईल. तिच्या औषधाचे पुढे पाहता येईल. तूर्त उधाणाचे निमित्त उत्तम आहे, तेच पुढे चालू ठेवावे. समुद्राला विचारायला कोण जातो?

माझी प्रकृती ठीक. यंदा मात्र माघातच उष्णता फार. लघवीस जळजळ होते. सब्जा, धने व वाळा यांचे पाणी घेत आहे. तासाला तीनदा वर्गाबाहेर जावे लागते, इतिहासाचा तास असल्यास चारदा. मुलांचा अभ्यास मागे पडत आहे.

आपला हितचिंतक,
महादेव


पनवेल,
ता. १३ फेब्रुवारी १९५५

मास्तर,

एकोणतीसचा पाढा एकोणतीस साते दोनशे तीनपर्यंत गेला. पुढचं आठवेना.

झालं असं की तीन इंजेक्शनं घेतल्यावर मला एकदम बरं वाटायला लागलं. जळजळ नाही, काही नाही, चालताना शीळ वाजवत होतो. मनात म्हटलं, पाच सांगतात ते डॉक्टरांच्या सवयीनं सांगतात. मध्ये पौर्णिमा आल्यामुळे उरलेली दोन राहून गेली. दहा तारखेला उधाण ओसरलं आणि मिठागरावर थांबायला कारण उरलं नाही, म्हणून घरी गेलो. भामानं जिताड्याच्या माशाचं कालवण केलं होतं. तांदळाची भाकरी होती. वेणीत अबोली होती. पाच दिवसांनी नवरा घरी आला म्हणून ती इतकी खुशीत होती की मी पाटावर बसल्या बसल्याच पाढा सुरू केला. पुढचं तुम्ही संसारी माणूस आहात, समजून घ्या.

काल चौथ्या इंजेक्शनला गेलो. डॉक्टरांनी सुई भरता भरता विचारलं, "बंदराला लागला काय?" मी चड्डीची नाडी सोडायला लागलो. त्यांच्यापुढे उत्तर टाळणं म्हणजे कबूल केल्यासारखंच आहे. त्यांनी सुई खाली ठेवली आणि पडद्याआड हाक मारली, "नूर, हे बघ, ह्याला तीन सुयांत जवानी आली." पडद्यामागे त्यांची बायको नूरुन्निसा बसते. ती नर्स आहे आणि बायकांचं तीच बघते. ती आतूनच म्हणाली, "त्याच्या बीवीला कधी आणतोय ते विचारा." मला तिथून पळून जावंसं वाटलं, पण अर्धी चड्डी खाली होती.

मग डॉक्टरांनी मला शांतपणे समजावलं, ते मला जास्त लागलं. म्हणाले, "तू मिठागरवाला. दोन वाफे शेजारी, मधल्या बांधाला भोक. एका वाफ्यातलं पाणी साफ केलंस, दुसऱ्यात घाण तशीच. उद्या काय होईल?" मी म्हणालो, दोन्ही घाण. "मग दवा एकालाच देऊन मी काय करू? आणि बरं वाटलं म्हंजे बरा झाला नाय. आता पहिल्यापासून इंजेक्शनं, पहिल्यापासून एकवीस रोज. आणि आठ-दहा दिवसांत बीवी आली नाय तर मी सोता तुझ्या ओसरीवर येऊन बसनार."

मास्तर, भामाला सांगायची हिंमत अजून होत नाही. पण एकवीस दिवस घरापासून लांब राहायचं तर काहीतरी भक्कम कारण पाहिजे. तुमचं अक्षर सुंदर आहे आणि तुम्हाला साहेबी भाषा येते. आमच्या मिठागराचे मालक, मुंबईचे शेठ, त्यांच्या पेढीवरून आला आहे असं वाटेल, असा एक हुकूम लिहून पाठवा. एवढे उपकार करा.

तुळशीराम


कर्जत,
ता. १५ फेब्रुवारी १९५५

तुळशीराम यांस,

आपला संयम पाहून शरम वाटली. एकोणतीस आठे दोनशे बत्तीस.

हुकूम सोबत वेगळ्या कागदावर आहे. विश्वास बसावा म्हणून पंचांग पाहून तिथीही घातली आहे. मजकूर असा:

"मुकादम तुळशीराम यांस ताकीद देण्यात येते की, माघ वद्य अष्टमी, मंगळवारपासून फाल्गुनी पौर्णिमेपर्यंत समुद्रास अखंड व अभूतपूर्व उधाण येणार असल्याचे पेढीस खात्रीलायक समजते. सबब मुकादमाने अहोरात्र मिठागरावरच राहावे. घरी जेवणापुरते जाण्यास हरकत नाही, मुक्कामास मात्र सक्त मनाई आहे."

"मुक्कामास सक्त मनाई" हे वाक्य माझे मलाच फार आवडले. सौ. भामापुढे मोठ्याने वाचावे.

माझी उष्णता कमी नाही. आता मालूसही तोच त्रास सुरू झाला आहे. याचा अर्थ दोष विहिरीच्या पाण्यात असला पाहिजे, असे मी अनुमान काढले आहे व ग्रामपंचायतीस अर्ज केला आहे. दोघेही सब्जा घेतो.

जाता जाता. त्या दिवशी चहा तीन कप होते. दोन म्हटले ते चुकून. सोबत खारी बिस्किटेही होती.

महादेव


पनवेल,
ता. १८ फेब्रुवारी १९५५

मास्तर, तुम्ही मला बुडवलंत, आणि तेही पाणी नसलेल्या जागी.

तुमचं पाकीट पोस्टमननं भामाच्या समोरच माझ्या हातात दिलं. आधी वाचून बघायला सवडच मिळाली नाही. हुकूम तेवढा बाहेर काढला आणि तुम्ही सांगितलंत तसा मोठ्यानं वाचला. भामा बोंबील साफ करत होती. तिचा हात थांबला.

"कदीपासून उधाण?"

"अष्टमीपासून."

"अष्टमीला?"

"अभूतपूर्व आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"आवो, अष्टमीला भांग असतो," ती म्हणाली. "बायका लुगडं न भिजवता खाडी पार करतात. कुनी लिवलाय ह्यो हुकूम, घाटावरच्या मानसानं?"

मास्तर, तुम्हाला समजावं म्हणून सांगतो. उधाण येतं ते पौर्णिमेला आणि अमावास्येला. त्यांच्या बरोबर मध्ये अष्टमी येते, तेव्हा समुद्राला जोर नसतो, भरतीचं पाणी अर्ध्यावरूनच परत फिरतं. त्याला आम्ही भांग म्हणतो. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. तुम्ही द्रोणागिरीच्या पायथ्याची, समुद्राकाठची बायको केलीत, दहा वर्षं तिच्या हातचं मासे-भात जेवलात, आणि कर्जतच्या डोंगरात बसून समुद्राला उधाण आणलंत तेही अष्टमीला. मी वाचायच्या आधी बघायला हवं होतं हे खरं, पण माझं डोकं सध्या ठिकाणावर नाही.

भामाला वाटलं, मी मिठागरावर बाई ठेवली आहे. ती तडक माझ्या पुढे चालत मिठागरावर गेली. मीठ वाहणाऱ्या वेणूला विचारलं, झोपडी उलटीपालटी केली, मिठाच्या ढिगामागे जाऊन बघितलं. तिला काय सापडलं? करपलेला भात, एक कुत्रं, आणि वाळत घातलेला माझा लेंगा. एवढा शोध घेऊन बाई सापडली नाही म्हणून मला हायसं वाटलं, तेवढ्यात ती बांधावर बसली आणि रडायला लागली. म्हणाली, "बाई नाय तर मग काय? मी नको झाले तुमाला? पोर होत नाय म्हनून?"

मास्तर, माझं काळीज फाटलं. मी तिथंच सगळं सांगायला तोंड उघडलं होतं. पण तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "आज नको सांगू, आज परत खोटंच सांगशील. अमावास्येला सांग. नाय सांगितलंस तर शिवाला बोलावते." शिवा म्हणजे आपल्या दोघांचा मेहुणा. एकटा होडी खेचून वाळूवर घेतो, ते तुम्ही पाहिलं आहे.

मी ठरवलं आहे. मंगळवारी अमावास्या आहे, मी खरं सांगणार. तुमचा चहाही त्यात येईल, कारण गोष्टच तिथून सुरू होते.

तुळशीराम


तार
कर्जत, २१ फेब्रुवारी

खरे बोलू नका. चहा वगळा. पत्र येत आहे. महादेव


पनवेल,
ता. २६ फेब्रुवारी १९५५

दाजींना भामाचा नमस्कार.

मला लिवता येत नाय. मी सांगते नि नूरुन्निसाबाय लिवतात. त्यांना बोलले, माज्या तोंडातून निगेल तसंच लिवा, सुदारू नका.

तुमची तार आमावाश्येला सकाळी आली. आमच्या आळीत तार म्हंजे कोनतरी गेला. पोस्टमन दारात उभा राहिला नि मी मटकन खाली बसले. मला वाटलं मालूताय गेली. चंद्रावती शेजारीन धावत आली, तिनं गळा काढला, मग सगळ्या बायका आल्या. कोन गेला ते कुनालाच म्हाईत नाय, पन रडत सगळ्याच होत्या. एकीनं तर तुळशीची पानं तोडाया हात घातला. मग पोस्टमन म्हनला, "जरा गप ऱ्हावा, मी वाचतो." नि त्यानं वाचलं. खरे बोलू नका. चहा वगळा.

सगळ्यांनी डोळे पुसले. चंद्रावती म्हनली, "चहा कोन? ती मेली काय?"

मी ह्यांच्याकडं बगितलं. ह्यांचा चेहरा मिठावानी पांढरा. मी सगळ्या बायकांना घरी धाडलं, दार लोटलं नि बोलले, आता सांग, चहासकट सांग. ह्यांनी सांगितलं. काय बी वगळलं नाय.

दाजी, मी तुमाला खोटं सांगत नाय, मला लय लागलं. मी दोन दिवस भाकरी थापली नाय. ह्यांच्याशी बोलले नाय. बाईकडं गेला त्याचा राग हायच, तो राग मी हळूहळू खर्च करनार हाय. पन त्याच्यावून जास्त राग दुसऱ्याचा हाय. माज्या अंगात रोग घातला नि मला म्हाईत नको म्हनून तुमी दोगं बाप्ये तिकडं बसून दर्याला उधान आनता. चार वरसं मी देवाला इचारते, माजं काय चुकलं. नि हिकडं दवाखाना माज्या घरापासून शंभर पावलांवर होता, तिथं जाऊ नको म्हनून तुमी हुकूम लिवताव.

तिसऱ्या दिवशी मी ह्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. भर बाजारातून. नूरुन्निसाबायनं मला नीट तपासलं. बोलली, वेळेवर आलीस, आत काय बिगडलं नाय, सगळी इंजेक्शनं घे नि एकवीस दिवस लांब राव. मग मी तिच्याकडं पन रडले, पन ते रडनं निराळं होतं.

आता तुमचं. मालूतायचं पत्र मला आलं होतं, उष्णता झाली, मास्तरांनी सब्जा चालू केलाय, विहिरीवर अर्ज केलाय. मी ते पत्र नूरुन्निसाबायला डाक्टरांना वाचून दाखवाया सांगितलं. डाक्टरांना इतकं हसू आलं का त्यांनी चष्मा काडून ठेवला. बोलले, "मी वीस साल बोटीवर होतो. चहानं परमा झालेला मानूस बगितला नाय. विहिरीनं तर नायच नाय."

मी लगोलग मालूतायला निरोप धाडला. ती काल तुमाला काय सांगून निगाली? भामा आजारी हाय, जाऊन येते. ती हितं माज्या बाजूला बसली हाय. तिची दोन इंजेक्शनं झाली. तिला आता सगळं कळलं हाय. ती रागानं बोलत नाय, नुसती सुपारी कातरते, म्हनून मला तिची भीती वाटते.

तर दाजी, तुमी बुधवारच्या एस.टी.नं पनवेलला या नि इंजेक्शनं घ्या. नाय आलाव तर शिवा तुमाला आनायला येईल. तो शाळेत येईल, घरी नाय. पत्रं तुमाला शाळेतच लागतात ना?

तुमची,
भामा

ता. क. मास्तरसाहेब, मी नर्स नूरुन्निसा. शब्द सगळे भामाबाईंचे, शाई फक्त माझी. येईपर्यंत मालूताईंपासून लांब राहायचं असतं तुम्हाला, पण ती काळजी त्यांनी आधीच घेतली आहे. येताना सब्जा आणू नये.


कर्जत,
ता. २८ फेब्रुवारी १९५५

श्री. तुळशीराम यांस,

हे कार्डावर लिहीत आहे, व पोस्टातच उभा राहून लिहीत आहे, कारण लपवावे असे काही उरले नाही.

बुधवारच्या गाडीने येतो. मालूस सांगावे की, मी त्या दिवशी चहा घेतला नाही. एक कपही नाही. इराण्याची खारी बिस्किटे मी केवळ लांबून पाहिली. जे घडले ते आपल्याच सारखे घडले, व आपण निदान ते मान्य केलेत. मी आपल्यापेक्षा वयाने व शिक्षणाने मोठा, पण या प्रकरणात मला आपणापुढे उभे राहण्याची लाज वाटते.

विहिरीसंबंधीचा अर्ज मागे घेतला. ग्रामपंचायतीने तोवर ती उपसून टाकली होती.

महादेव


पनवेल,
ता. ३१ मार्च १९५५

साडूभाऊ मास्तरांना तुळशीरामचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. डॉक्टरांनी तुम्हाला अखेर मोकळं केलं हे वाचून बरं वाटलं. मालूताईंनी तुम्हाला अजून शाळेतच झोपायला लावलं आहे, हे वाचून मात्र हसू आवरेना. मुंबईहून आणलेले नकाशे अंथरून झोपता म्हणता, तर आशिया खंड पाठीला बरा असेल, त्यात मऊ मैदानं पुष्कळ आहेत.

तुम्ही विचारलंत म्हणून माझी हकीकत. सोळा तारखेला डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं, दोघांचे कागद बघितले आणि म्हणाले, "तुळशीराम, निशाण उतरलं. बंदर मोकळं." मी उड्या मारतच दवाखान्याच्या पायऱ्या उतरलो. घरी आल्यावर भामा म्हणाली, "डाक्टरचे एकवीस दिवस झाले. आता माजे."

मी विचारलं, किती? म्हणाली, "मी सांगेन तवा." तेव्हापासून पंधरा दिवस मी मिठागरावर आहे. या वेळी कुणाचा हुकूम नाही, बायकोचा आहे. जेवायला घरी जातो. ती वाढते, माशांच्या भावाबद्दल बोलते, मिठाबद्दल विचारते, आणि भांडी उचलली की मी उठतो. एकदा जेवता जेवता मी म्हणालो, भामा, मी चुकलो, आणि चुकल्यावर घाबरलो ते त्याहून वाईट केलं. तिनं माझ्या पानात माशाची आणखी एक तुकडी वाढली. मी त्या तुकडीवर आठ दिवस काढले.

मास्तर, खरं सांगू? इतकी वर्षं पौर्णिमा-अमावास्येला इथं राहायचो तेव्हा घराची कधी आठवण आली नव्हती. आता दुपारी मीठ ओढताना मध्येच थांबतो आणि गावाकडे बघतो. घर तिथंच आहे, शंभर वेळा बघितलेलं, आणि मला ते पहिल्यांदा दिसल्यासारखं वाटतं. मला ती बाई फार आवडते, आणि हे मी तिला चार वर्षांत एकदाही सांगितलेलं नाही. एवढं सगळं होईपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

यंदा मीठ चांगलं पडलं आहे. ऊन कडक आहे. शाळेच्या सुट्टीत मालूताईंना घेऊन इकडे या. भामा म्हणते, दाजींना चहा मी करून देईन, समोर बसवून पाजीन आणि कप मोजीन.

मास्तर, हे पत्र इथंच थांबवतो. वेणू मिठाची टोपली रिकामी करून गावात गेली होती, ती आता धावत परत आली आहे. ती पदरानं तोंड दाबून हसते आहे आणि तिला नीट सांगताही येत नाही. म्हणते, "मुकादम, भामानं निरोप सांगितलाय. आज अष्टमी हाय, लय मोटं उधान येनार हाय. मिठागरावर ऱ्हायचं नाय, लगेच घरी या."

मी उठून बांधावर जाऊन बघितलं. खाडीत चिखल उघडा पडला आहे, खेकडे फिरताहेत, बगळे निवांत उभे आहेत. पाणी घोट्याला लागणार नाही इतकं कमी आहे.

मी निघालो.

तुळशीराम